‘करंट घ्यायला सांगितलाय’ म्हणजे नेमकं काय?

कंबर धरली, मान आखडली किंवा गुडघा बदलला, की माणूस फिजिओथेरपिस्टकडे जातो आणि घरी येऊन सांगतो, ‘दहा दिवस करंट घ्यायला सांगितलाय.’ कुठला करंट, कशासाठी, हे तो विचारत नाही आणि गर्दीच्या वेळी समोरूनही कुणी सांगत बसत नाही. पॅड लागतात, मुंग्या येतात, पंधरा-वीस मिनिटांनी मशीन वाजतं आणि पुढचा पेशंट आत येतो. खरं तर ‘करंट घेतला’ हे ‘गोळी घेतली’ म्हणण्यासारखं आहे. तापाची, रक्तदाबाची की झोपेची, ते त्यातून कळत नाही.

विजेचे उपचार मुख्यतः तीन कामांसाठी होतात: दुखणं दाबणं, स्नायूला कामाला लावणं, आणि न भरणारी जखम किंवा न जुळणारं हाड भरून यायला हातभार लावणं. तिन्हींसाठी विजेचं माप वेगळं, पॅड लावायची जागा वेगळी आणि पेशंटला जे जाणवायला हवं तेही वेगळं. दुखण्यासाठी बहुतेक वेळा चांगल्या ठसठशीत मुंग्या यायला हव्यात, स्नायू ओढला जायची गरज नसते. स्नायूसाठी मात्र तो डोळ्यांना दिसेल इतका आवळला गेला पाहिजे, आणि ते काही सुखाचं नसतं. जखमेसाठी जेमतेम मुंग्या येतात, कधी तेवढ्याही नाहीत. इतकं माहीत असलं तरी आपल्याला लावलेलं मशीन आपल्या कामाचं चाललंय का, याचा निम्मा अंदाज येतो.

शरीर मुळात विजेवरच चालतं. स्वस्थ असलेल्या चेतातंतूच्या आवरणाच्या आत-बाहेर सुमारे ७० मिलिव्होल्टचा फरक असतो, आतली बाजू ऋण. हा फरक एका मर्यादेपलीकडे घटला की तिथे क्षणभर उलथापालथ होते आणि ती लाट तंतूवरून पुढे धावते. चेतासंदेश म्हणतात तो हाच. कातडीवरून दिलेला विजेचा छोटा ठोका, म्हणजे पल्स, बाहेरून हीच उलथापालथ घडवून आणतो. पण सगळे तंतू एका वेळी जागे होत नाहीत. जाड तंतू कमी विजेत जागे होतात, बारीक तंतूंना जास्त लागते. स्पर्शाची खबर नेणारे तंतू जाड आणि कातडीजवळ असतात. स्नायू हलवणारेही जाड, पण सहसा खोल असतात. वेदनेची खबर नेणारे त्या मानाने फारच बारीक. म्हणून मशीनची ताकद हळूहळू वाढवत नेली की आधी मुंग्या, मग स्नायूची फडफड आणि शेवटी दुखणं, असा क्रम लागतो. पुढचं बरंचसं शास्त्र या क्रमावर उभं आहे.

दुखण्यावर वीज

ही कल्पना विजेचे दिवे लागण्याच्या कितीतरी आधीची आहे. पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस या रोमन वैद्याने डोकेदुखीवर आणि गाऊटच्या पायदुखीवर टॉर्पेडो मासा, म्हणजे अंगातून विजेचा झटका देणारा मासा, जिवंत लावायला सांगितला होता. भाग बधिर होईपर्यंत लावून ठेवायचा. उपाय लागू का पडतो, हे सांगायला मात्र १९६५ साल उजाडावं लागलं.

कोपर दाराला आपटलं की आपण ते चोळतो आणि जरा बरं वाटतं. चोळल्याने स्पर्शाचे जाड तंतू जागे होतात. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलं, की मज्जारज्जूत वेदनेचा संदेश वर मेंदूकडे जाण्याआधी एक प्रकारची चौकी असते आणि स्पर्शाच्या तंतूंतून संदेशांची गर्दी झाली की ती वेदनेची वाट अडवते. या मांडणीला ‘गेट कंट्रोल’ म्हणतात. तिच्या तपशिलांत नंतर बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण गाभा टिकला. दोनच वर्षांनी वॉल आणि न्यूरोसर्जन विल्यम स्वीट यांनी ती माणसांवर तपासली. कातडीच्या तीव्र, जुनाट दुखण्याच्या आठ पेशंटना सेकंदाला १०० पल्स, प्रत्येक पल्स एका मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाएवढी, असा करंट दिला आणि मुंग्या येईपर्यंत ताकद वाढवली. करंट चालू असताना एरवी हात लावू न देणारी जागा दाबली तरी दुखेना. चौघांना तर दोन मिनिटांच्या करंटनंतर अर्ध्या तासाहून जास्त आराम मिळाला. आज मोबाइलएवढ्या आकाराचं, बॅटरीवर चालणारं ‘टेन्स’ मशीन मिळतं, त्याचे आकडे अजून जवळपास हेच आहेत.

यात दुसरीही एक वाट आहे. सेकंदाला दोन-चार ठोके, पण जोरदार, स्नायू टचटच उडेल असे दिले, तर शरीर स्वतःची अफूसारखी वेदनाशामकं सोडतं. हे कळलं कसं? अफूजन्य औषधांचा परिणाम पुसणारं नॅलोक्झोन दिलं की या संथ करंटचा परिणामही पुसला जातो. म्हणूनच जो पेशंट बरेच दिवस मॉर्फिनच्या जातीची औषधं घेतो आहे, त्याला संथ करंटचा फायदा कमी होतो. त्याला वेगवान करंट बरा. हा बारकावा क्वचितच कुणी विचारतो, पण कर्करोगाच्या पेशंटसारख्या माणसाच्या बाबतीत तो महत्त्वाचा ठरू शकतो.

क्लिनिकमध्ये आपल्याला बहुधा भेटतं ते टेन्सचं थोरलं भावंड, आयएफटी, म्हणजे इंटरफेरेन्शियल थेरपी. ऑस्ट्रियाच्या हान्स नेमेक यांनी १९५० च्या दशकात आणलेली ही युक्ती आहे. कातडी संथ विजेला फार अडवते, वेगवान विजेला कमी. म्हणून चार पॅड फुलीसारखे लावून एका जोडीतून सेकंदाला ४००० आवर्तनांचा आणि दुसरीतून ४१०० आवर्तनांचा करंट सोडतात. दोन्ही जिथे एकमेकांत मिसळतात तिथे फरकाएवढी, म्हणजे सेकंदाला १०० वेळा, चढउतार होणारी लहर तयार होते. युक्ती देखणी आहे. टोचत नाही, म्हणून पेशंट खूष असतो. पण मोठं मशीन म्हणजे मोठा गुण असं समजून चालू नका. दुखणं कमी करण्यात आयएफटी साध्या टेन्सपेक्षा सरस आहे, असं ठामपणे दाखवता आलेलं नाही.

मग गुण येतो की नाही? इथे दोन परस्परविरोधी वाटणारी उत्तरं मिळतात. २०२२ मध्ये टेन्सच्या ३८१ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा, की खोट्या मशीनच्या तुलनेत खरं मशीन चालू असताना आणि त्यानंतर लगेच दुखणं कमी असतं. उलट ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शनात कंबरदुखीसाठी टेन्स आणि आयएफटी दोन्ही देऊ नका असं स्पष्ट लिहिलं, आणि अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने २०१२ मध्ये जुनाट कंबरदुखीच्या टेन्सचे पैसे देणं, संशोधनातले पेशंट वगळता, थांबवलं. दोन्ही बाजू खोटं बोलत नाहीत. प्रश्नच वेगवेगळे आहेत. आत्ता, या तासाला दुखणं कमी होईल का, या प्रश्नाला उत्तर बऱ्यापैकी ‘हो’ आहे. दोन महिन्यांनी कंबर सुधारलेली असेल का, याला आधार सापडत नाही. शिवाय या चाचण्या करणंही अवघड. औषधाची खोटी गोळी खऱ्यासारखी दिसते, मुंग्या मात्र खोट्या आणता येत नाहीत, त्यामुळे आपल्याला खरं मशीन लागलंय का हे पेशंटला समजतं आणि निकाल गढूळ होतो.

मला यातून निघणारी गोष्ट अशी दिसते: थोड्या वेळाचा आराम हेच या उपचाराचं बळ मानावं आणि तो वेळ कारणी लावावा. फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर जुनाट दुखणं, असलेल्या स्त्रियांवरची २०२० ची एक अमेरिकन चाचणी याच दिशेने जाते. बायकांनी महिनाभर घरी, हिंडता-फिरताना टेन्स वापरलं, आणि हालचाल करताना होणारं दुखणं खोट्या मशीनपेक्षा लक्षणीय कमी झालं. आपल्याकडे नेमकं उलट चालतं. पेशंट पालथा पडून करंट घेतो, सुस्तावतो आणि व्यायामाची वेळ आली की ‘आज राहू दे’ म्हणतो. दुखणं दबलेल्या अर्ध्या तासात चालणं, वाकणं, फिजिओने शिकवलेले व्यायाम व्हायला हवेत. करंट व्यायामासाठी जागा करून देतो. व्यायाम गाळला तर ती जागा रिकामीच जाते.

आणखी एक चूक, तिचं मूळ बिचाऱ्या पेशंटच्या सभ्यपणात आहे. पहिल्या चार-पाच मिनिटांत मुंग्या विरत जातात, कारण तंतूंना सवय होते. अशा वेळी ताकद वाढवायला सांगायचं असतं. आपण मात्र ‘बरं वाटतंय’ म्हणून गप्प पडतो. जेमतेम जाणवणाऱ्या करंटने फारसं काही होत नाही. जोरदार पण सोसवेल असा हवा.

झोपलेला स्नायू

आता गुडघा बदललेल्या माणसाकडे येऊ, कारण विजेच्या उपचाराचा सर्वांत पक्का पुरावा जिथे आहे त्यांपैकी ही एक जागा. ऑपरेशननंतर पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची, क्वाड्रिसेप्सची, ताकद निम्म्याहून खाली येऊ शकते. स्नायू इतक्या लवकर इतका वाळत नाही. सांध्याला सूज आली की तिथून जाणारे संदेश मज्जारज्जूतल्या स्नायू चालवणाऱ्या पेशींना दाबून टाकतात. पेशंट मनापासून मांडी आवळायचा प्रयत्न करतो, पण हुकूम पुरा पोचतच नाही. घरचे म्हणतात, ‘आळस करू नका.’ इथे आळसाचा संबंध नसतो.

अशा वेळी मेंदूला वळसा घालून स्नायूच्या चेतातंतूला बाहेरून जागं करतात. अमेरिकेत ६६ पेशंटवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गुडघा बदलल्यावर ४८ तासांच्या आसपास हा करंट सुरू केला, दिवसातून दोनदा, सहा आठवडे, नेहमीच्या व्यायामाच्या जोडीने. नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा या मंडळींची ताकद सुरुवातीच्या आठवड्यांत चांगलीच जास्त राहिली आणि वर्षभराने फरक कमी झाला तरी उरला होता. मात्र अट कडक आहे: करंट सोसवेल तेवढा जास्त हवा. मांडी दगडासारखी आवळली गेली पाहिजे. नुसतं गुदगुल्या केल्यासारखं मशीन चालवून ‘स्नायूचा करंट’ म्हणणं म्हणजे वेळ घालवणं. लिगामेंटच्या ऑपरेशननंतरही हीच गोष्ट लागू होते.

पण वीज स्नायूला जसं चालवते ते आपल्या स्वतःच्या चालवण्यासारखं नसतं. आपण पाय उचलतो तेव्हा मज्जासंस्था आधी छोटे, चिवट, न दमणारे गट कामाला लावते, गरज पडली तरच मोठे, आणि गट आळीपाळीने विश्रांती घेतात. करंटला ही अक्कल नाही. पॅडखाली जे तंतू सापडतील ते, सगळे एकदम, दर खेपेला तेच. त्यामुळे स्नायू भराभर दमतो. म्हणून १९७० च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव्ह कोट्स यांनी गाजवलेल्या ‘रशियन करंट’मध्ये दहा सेकंद करंट आणि पन्नास सेकंद विश्रांती असं गणित होतं. निरोगी खेळाडूंची ताकद ४० टक्क्यांपर्यंत वाढते, हा त्यांचा दावा. इतरांना तसे आकडे हाती लागले नाहीत. धडधाकट माणसाने व्यायाम सोडून करंट घेण्यात फायदा नाही. पोटाला पट्टा बांधून बसल्याबसल्या सपाट पोट देणाऱ्या जाहिरातींवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००२ मध्येच दावे ठोकले होते. ते पट्टे नव्या नावांनी आपल्या मोबाइलवर अजून येतात.

स्नायूला उपयोगी हालचालीच्या वेळी नेमका करंट देण्याची पद्धतही आहे. पक्षाघातानंतर काहींचं पाऊल चालताना लटकतं, बोटं जमिनीला घासतात. व्लादिमिर लिबरसन यांनी १९६१ मध्ये बुटाच्या टाचेत एक खटका बसवला. टाच उचलली की गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूच्या चेतातंतूला करंट मिळतो आणि पाऊल वर होतं; टाच टेकली की बंद. आजची महागडी उपकरणं तोच विचार पुढे नेतात.

वरच्या सगळ्याला एक अट आहे: स्नायूकडे जाणारा चेतातंतू जिवंत हवा. तो मेला असेल तर वीज थेट स्नायूच्या धाग्यांना द्यावी लागते आणि ते धागे फार सुस्त असतात. तंतूला मिलिसेकंदाचा अंश पुरतो, त्यांना दहा-वीस, कधी शंभर मिलिसेकंदांची लांब पल्स लागते. १९५० च्या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातलं पहिलं फिजिओथेरपी विद्यालय निघालं, त्यामागे पोलिओचं सावट होतं आणि पोलिओत मरतात त्या नेमक्या स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी. एकेकाळी आपल्याकडे विजेच्या उपचाराचा बोलबाला होण्यात अशा लुळ्या स्नायूंचा वाटा असणार. पण तंतू गेलेल्या स्नायूला रोज करंट देऊन तंतू परत येतो, असा भरवसा नाही.

या संदर्भात एक गोष्ट जरा जोर देऊन सांगतो. एका रात्रीत तोंड वाकडं होतं, डोळा मिटत नाही, चूळ भरताना पाणी ओघळतं. बेल्स पाल्सी. लोक पहिल्यांदा चेहऱ्याला करंट द्यायला धावतात. बहुतेकांचा चेहरा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप सुधारतो, आणि करंटमुळे तो जास्त सुधारतो याला भक्कम आधार नाही. भक्कम आधार आहे तो पहिल्या ७२ तासांत सुरू केलेल्या स्टेरॉइडला. म्हणजे पळायचं ते डॉक्टरकडे. तोंडाबरोबर हात किंवा पाय लुळा पडला असेल, बोलणं अडखळत असेल, तर तो मेंदूचा झटका असू शकतो आणि तिथे मिनिटं मोजायची असतात.

जखमेची स्वतःची वीज

तिसरं काम सर्वांत कमी परिचयाचं आणि मला विचाराल तर सर्वांत विलक्षण. जर्मन शरीरशास्त्रज्ञ एमिल द्यु ब्वा-रेमाँ यांनी १८४३ मध्ये स्वतःचं बोट कापून घेतलं आणि जखमेतून वीज वाहते हे मोजून दाखवलं. कातडीच्या पेशी सतत क्षार आत ढकलत असतात, त्यामुळे कातडीच्या आत-बाहेर वीस-पन्नास मिलिव्होल्टचा फरक कायम असतो. कातडी फाटली की ही बॅटरी तिथे फुटते आणि कडांकडून मध्याकडे विजेचा प्रवाह सुरू होतो. १९८२ मध्ये गिनीपिगच्या ताज्या जखमेच्या कडेला मिलिमीटरमागे सुमारे १४० मिलिव्होल्टचं क्षेत्र मोजलं गेलं. कातडीच्या पेशींना या क्षेत्रातून दिशा कळते, त्या जखमेच्या मध्याकडे सरकू लागतात. मिन झाओ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये यामागची जनुकंही दाखवली. त्यांतलं एक बिघडवलं की पेशी दिशा चुकतात.

जखम कोरडी पडून खपली धरली की हा प्रवाह मंदावतो. जखम ओलसर ठेवणारी ड्रेसिंग वापरण्याला इतर कारणांबरोबर हेही एक कारण जोडता येईल. महिनोन् महिने न भरणाऱ्या जखमांमध्ये हीच वीज बाहेरून पुरवायची, हा उपचाराचा विचार. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीवरच्या बेडसोरसाठी उपचारांच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्याने म्हटलं, की विजेमुळे भरून येणाऱ्या जखमांचं प्रमाण बहुधा वाढतं. मेडिकेअर अशा जखमांसाठी पैसे देतं, पण आधी तीस दिवस नेहमीचे उपचार करून सुधारणा झाली नसेल तरच. हा क्रम शहाणपणाचा आहे. मधुमेही माणसाच्या पायाच्या जखमेत आधी साखर, रक्तपुरवठा, संसर्ग आणि त्या जागेवरचा भार यांकडे बघावं लागतं. ते सोडून करंट लावला तर जखम दाद देणार नाही.

हाडाचीही अशीच कथा आहे. दाबल्यावर हाडात वीज निर्माण होते, हे जपानच्या फुकादा आणि यासुदा यांनी १९५७ मध्ये दाखवलं. त्यातून चुंबकीय क्षेत्राच्या पल्स देऊन न जुळलेलं हाड जुळवायची उपकरणं निघाली आणि १९७९ मध्ये अमेरिकेत त्यांना मंजुरी मिळाली. ती वापरात आहेत, पण सगळ्या हाडांना लागू पडणारा तोडगा म्हणून नव्हे.

कुणी घेऊ नये? छातीत पेसमेकर किंवा झटका देणारं यंत्र असलेल्यांनी आपल्या हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय नाही. गरोदर बाईच्या पोटावर-कमरेवर, मानेच्या पुढच्या बाजूला, कर्करोगाच्या गाठीवर आणि पायाच्या शिरेत गुठळी झाली असेल तिथे नाही. मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्यांनी पायाखाली ठेवायची मसाज मशीनं जपून. करंट किती वाढला हे त्यांना कळत नाही आणि भाजलं तरी दुखत नाही. ‘आत सळई आहे, चालेल का?’ हा प्रश्न हमखास येतो. टेन्स-आयएफटीच्या पल्स दोन्ही दिशांना सारख्या असतात, त्यांना धातूची सळई किंवा बदललेला गुडघा सहसा आड येत नाही. एकाच दिशेने वाहणारा, गॅल्व्हॅनिक म्हणतात तो करंट मात्र अशा जागी टाळतात; त्याने पॅडखाली आम्ल-अल्कली तयार होऊन कातडी भाजूही शकते.

घरी टेन्स घेतलं असेल तर गाडी चालवताना, झोपताना आणि अंघोळ करताना काढून ठेवा. काही महिन्यांनी ते टोचायला लागलं, एकाच जागी सुई खुपसल्यासारखं वाटलं, तर मशीन बिघडलं म्हणून फेकू नका. चिकट पॅडवरचं जेल वाळलेलं असतं, त्यामुळे सगळी वीज एखाद्या कोपऱ्यातून आत शिरते. पॅड बदलले की काम भागतं.